हिरव्या रेषेचे साक्षीदार

मार्गशीर्ष महिन्यातील रात्र आहे. ब्रह्मपुरीच्या परिसरात धानाची कापणी आटोपली आहे. बांध्यांमधील पाणी केव्हाच आटले असून शेतांत जागोजागी धानाचे पुंजणे उभे आहेत. राखणीसाठी आलेला शेतकरी शेकोटीजवळ बसला आहे. वैनगंगेकडून गार वारा वाहत आहे आणि पूर्वेकडील जंगलाच्या काळ्या रेषेवरून मृग नक्षत्र हळूहळू वर येत आहे. मृगाच्या चार कोपऱ्यांवर चार ठळक तारे आणि पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे, हे चित्र आपल्याकडील लहान मुलांनाही ओळखता येते. याच ताऱ्यांत या भागातील गोंड बांधवांना नांगर दिसतो. ज्याने त्याने आपल्या जीवनातील वस्तू आकाशात पाहावी, यात नवल नाही.

बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली, दक्षिणेकडे, एका ओळीत आणखी तीन मंद तारे दिसतात. त्यांतील मधला तारा जरा लक्ष देऊन पाहिला, तर तो इतर ताऱ्यांसारखा टोकदार दिसत नाही. काचेवर कोणी श्वास सोडावा आणि तिच्यावर पुसट डाग उमटावा, तसा तो भासतो. दिव्यांच्या झगमगाटापासून दूर असलेल्या गावांतून हा डाग नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तो तारा नव्हे. तो मृगातील तेजोमेघ होय.

हा मेघ कशाचा बनला आहे? तो धुळीचा आहे, वायूचा आहे, की दूर असल्यामुळे एकमेकांत मिसळून गेलेल्या असंख्य ताऱ्यांचा तो थवा आहे? एकोणिसाव्या शतकात जगातील मोठमोठे ज्योतिषशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागले होते. त्या वेळी पुण्यातील एका कॉलेजात अध्यापन करणाऱ्या एका भारतीय प्राध्यापकानेही आपली दुर्बीण या मेघाकडे वळविली आणि जे दिसले ते निर्भयपणे जगापुढे मांडले. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. त्या काळी आपल्या देशात नव्या विज्ञानाचे शिक्षण नुकतेच मूळ धरू लागले होते. कॉलेजे थोडी होती, आणि उपकरणे तर त्याहून थोडी. विद्यार्थ्यांनी शास्त्राचे सिद्धान्त पुस्तकातून वाचावेत, पाठ करावेत व परीक्षेत लिहून यावेत, एवढ्यावरच बहुतेकांचे समाधान होत असे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या तरुण कावसजींना मात्र हे पुरेसे वाटले नाही. निसर्गाची ओळख निसर्गाकडे पाहूनच झाली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

त्या सुमारास युरोपात वर्णपटशास्त्र ही नवी विद्या उदयाला आली होती. पावसाळ्यात इंद्रधनुष्य पडते, तेव्हा सूर्याचा पांढरा प्रकाश पाण्याच्या थेंबांतून जाताना आपले पोटातील रंग उलगडून दाखवितो. काचेच्या लोलकातून प्रकाश पाठविला असताही असेच होते. रंगांच्या या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. तापलेल्या घन पदार्थाचा वर्णपट अखंड असतो. उलट, तापून चकाकणाऱ्या विरळ वायूच्या वर्णपटात अंधारावर काही थोड्या तेजस्वी रेषा तेवढ्या दिसतात. शिवाय प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. मिठाची चिमूट ज्योतीवर टाकली, की सोडियमची पिवळी रेषा उमटणारच. जशी माणसाच्या अंगठ्याची खूण, तशीच मूलद्रव्याची ही खूण. तेव्हा कोट्यवधी मैल दूर असलेल्या ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला, तर तो तारा कशाचा बनला आहे हे पृथ्वीवर बसून सांगता येते.

या विद्येची प्रयोगशाळा आपल्या कॉलेजात असावी, असे कावसजींच्या मनाने घेतले. पण पैसा कोठून आणावयाचा? १८८२ साली त्यांनी भावनगर संस्थानचे अधिपती महाराजा तख्तसिंहजी यांच्यापुढे आपला मनोदय मांडला. महाराजांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनेही तितकीच रक्कम देऊ केली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. उपकरणांची निवड करण्यासाठी कावसजी १८८४ साली इंग्लंडला गेले.

तेथे त्यांच्या संकल्पाला निराळे वळण लागले. ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख क्रिस्टी आणि सौर वर्णपटाचे नामांकित अभ्यासक नॉर्मन लॉकयर यांच्याशी त्यांची भेट झाली. लॉकयर यांचा त्या काळी मोठा दबदबा होता. १८६८ साली सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा आढळली होती. तिच्यावरून सूर्यावर एक नवे मूलद्रव्य असले पाहिजे, असे अनुमान लॉकयर यांनी काढले होते. तेच पुढे हेलियम या नावाने प्रसिद्धीस आले. या दोघा विद्वानांनी कावसजींना सुचविले, की केवळ विद्यार्थ्यांना प्रयोग दाखविण्याची खोली उभारून थांबू नये. भारताच्या स्वच्छ आकाशाचा लाभ घेऊन ताऱ्यांचे वर्णपट पाहणारी वेधशाळाच उभारावी. कावसजींना ही सूचना मनापासून पटली.

१८८५ साली त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमाजवळील हे कॉलेज पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. वेधशाळेची योजनाही कावसजींबरोबर पुण्यास आली आणि १८८८ साली कॉलेजच्या आवारात ती प्रत्यक्षात उतरली. दात्याच्या स्मरणार्थ तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव देण्यात आले. डब्लिन येथील ग्रब या प्रसिद्ध कारागिरांनी घडविलेली मोठी परावर्ती दुर्बीण तिथे बसविली गेली. ही दुर्बीण वीस इंची भावनगर दुर्बीण म्हणून पुढे ओळखली गेली. कित्येक वर्षेपर्यंत तिच्याएवढी मोठी दुर्बीण भारतात दुसरी नव्हती. ताऱ्यांच्या घडणीचा अभ्यास करणारी आधुनिक पद्धतीची वेधशाळा आपल्या देशात प्रथम उभी राहिली ती अशी.

आता आपण पुन्हा आकाशातील तेजोमेघांकडे वळू. विल्यम हर्शेल या थोर ज्योतिषशास्त्रज्ञाने १७८१ साली युरेनस या ग्रहाचा शोध लावला होता. त्यानंतर आकाश धुंडाळताना त्याला काही लहान, गोल आणि फिकट हिरवट बिंबे आढळली. ती दुर्बिणीतून ग्रहाच्या बिंबासारखी दिसत. म्हणून त्याने त्यांना ग्रहांवरून नाव दिले. मराठीत त्यांना बिंबाभ्रिका म्हणतात. अभ्रिका म्हणजे तेजोमेघ, आणि बिंबासारखी दिसणारी ती बिंबाभ्रिका. प्रत्यक्षात त्यांचा ग्रहांशी काहीच संबंध नाही.

१८६४ सालच्या ऑगस्ट महिन्यात विल्यम हगिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने कालेय या तारकासमूहातील अशाच एका बिंबाभ्रिकेचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यांप्रमाणे रंगांचा सलग पट्टा दिसेल, अशी त्याची अपेक्षा होती. परंतु त्याला दिसल्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा! तेव्हा ही बिंबाभ्रिका ताऱ्यांचा थवा नसून चकाकणारा वायू आहे, हे एका रात्रीत ठरून गेले. त्या रेषांतील सर्वांत ठळक रेषा हिरव्या रंगाची होती. मृगातील मोठ्या तेजोमेघातही हीच हिरवी रेषा आढळली.

एक कोडे सुटले. पण त्यातून दुसरे निघाले. ही हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची? पृथ्वीवरील ज्ञात मूलद्रव्यांच्या रेषांशी ती जुळेना. लॉकयर यांनी या प्रश्नाला एक उत्तर दिले. त्यांच्या मते अवकाशात उल्कांचे प्रचंड थवे फिरत असतात, ते एकमेकांवर आदळून तापतात आणि त्यांपासूनच तेजोमेघ उत्पन्न होतात. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असते. मॅग्नेशियम जळताना त्याच्या वर्णपटात एक हिरवा पट्टा दिसतो, आणि या पट्ट्याची ठळक कड जवळजवळ त्याच जागी येते, जेथे तेजोमेघांची हिरवी रेषा असते. म्हणून ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश होय, असे लॉकयर यांचे म्हणणे होते. हगिन्स यांना ते मान्य नव्हते. दोन मोठ्या विद्वानांमध्ये कडाक्याचा वाद माजला.

या वादाचा निर्णय करण्याची एक कसोटी होती. मॅग्नेशियमचा पट्टा एका बाजूस ठळक असतो आणि दुसऱ्या बाजूस तो लुगड्याच्या झालरीसारखा विरत जातो. तेव्हा हिरवी रेषा जर खरोखर या पट्ट्याचा अंश असेल, तर तीही एका बाजूस पुसट झालेली दिसावयास हवी. उलट ती दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव असेल, तर मॅग्नेशियमचा पक्ष टिकणार नाही. वाद कितीही मोठा असला, तरी त्याचा निकाल एका सूक्ष्म रेषेच्या काठावर अवलंबून होता.

पुण्याच्या वेधशाळेत कावसजींनी आपली दुर्बीण मृगाकडे रोखली. हे काम सोपे नव्हते. तेजोमेघाचा प्रकाश आधीच मंद. तो लोलकातून पसरला म्हणजे अधिकच मंद होतो. दुर्बीण आकाशाच्या गतीबरोबर सारखी सरकवीत राहावी लागते. डोळ्याला अंधाराची सवय व्हावी म्हणून बराच वेळ काळोखात बसावे लागते. दिवसा विद्यार्थ्यांना शिकवावयाचे आणि हिवाळ्याच्या रात्री उघड्या आकाशाखाली डोळा लावून बसावयाचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी ती रेषा काळजीपूर्वक न्याहाळली. ती प्रत्येक वेळी दोन्ही काठांनी सारखीच रेखीव व बारीक दिसली. कोठेही झालर नव्हती, कोठेही विरणे नव्हते.

येथे कावसजींच्या स्वभावाची खरी परीक्षा होती. ज्या लॉकयर यांनी त्यांना वेधशाळा उभारण्याचे प्रोत्साहन दिले, त्यांच्याच मताविरुद्ध हा पुरावा जात होता. लॉकयर जगप्रसिद्ध होते. कावसजी परतंत्र देशातील एका कॉलेजचे तरुण अध्यापक होते. आपल्याला दिसले ते मनातच ठेवून गप्प बसणे त्यांना अवघड नव्हते. शंकेला जागा ठेवून मोघम लिहिणेही शक्य होते. तथापि त्यांनी तसे केले नाही. १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आपल्या निरीक्षणांचे टिपण प्रसिद्ध केले आणि रेषा जशी दिसली तशीच तिची नोंद केली. उपकारकर्त्याविषयीचा आदर एका बाजूस आणि डोळ्यांनी पाहिलेले सत्य दुसऱ्या बाजूस. दोहोंची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही. गुरुजनांचा मान राखण्यासाठी सत्याला बाक द्यावा लागत नाही, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखविले.

याच सुमारास अमेरिकेतील लिक वेधशाळेत कीलर या शास्त्रज्ञानेही फार मोठ्या दुर्बिणीने रेषेची जागा मोजली. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याशी नेमकी जुळत नाही, असेच त्यालाही आढळले. दूरदूरच्या देशांतील साक्षीदारांची साक्ष अशी एक आली आणि मॅग्नेशियमचा पक्ष मागे पडला. त्या साक्षीदारांत पुण्याचे कावसजी होते, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

पुढे २२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे होते. ग्रहणाची छाया सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या गावावरून जाणार होती. त्या काळी मुंबई-पुण्याकडे प्लेगचे सावट पसरले होते, तरीही देशोदेशींचे शास्त्रज्ञ भारतात आले. जेऊरला लिक वेधशाळेच्या कॅम्बेल यांनी आपला तळ ठोकला. कावसजींनीही आपली उपकरणे तेथे उभी केली. सूर्य पूर्ण झाकला जाण्याचा काळ अवघा दोन मिनिटांचा. महिनोन्‌महिने केलेली तयारी त्या दोन मिनिटांत सफल व्हावयाची किंवा वाया जावयाची! भरदुपारी अंधार झाला, चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती सूर्याचे मोत्यासारखे प्रभामंडल झळकू लागले आणि कावसजींच्या पथकाने आपले काम पार पाडले. या ग्रहणाचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला.

कावसजींनी आपल्या वेधशाळेची मनोभावे जोपासना केली; परंतु तिचा सारा भार एकट्या त्यांच्यावर होता. त्यांच्यामागे हे व्रत चालविणारी मंडळी तयार झाली नाही. १९१२ साली ते सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर पुण्याची वेधशाळाही बंद पडली. मोठी दुर्बीण व इतर उपकरणे दक्षिणेत कोडाईकनाल येथील वेधशाळेकडे रवाना झाली. ज्या दुर्बिणीसाठी त्यांनी तारुण्यात एवढी खटपट केली, ती पेट्यांत भरून निघून जाताना त्यांच्या मनाला काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तथापि दुर्बीण वाया गेली नाही. कोडाईकनाल येथे मागाहून तिच्यातून ताऱ्यांचे वेध घेण्यात आले, आणि तिच्या नावातून भावनगरच्या महाराजांची देणगी आजही स्मरणात राहिली आहे.

हिरव्या रेषेचे कोडे मात्र अजून शिल्लकच होते. ती जर मॅग्नेशियमची नव्हे, तर कोणाची? पृथ्वीवर न आढळणारे एखादे नवे मूलद्रव्य तेजोमेघांत असावे, असे मानून शास्त्रज्ञांनी त्याला नेब्युलियम असे नावही देऊन ठेवले होते. अखेर १९२७ साली आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. ती रेषा कोणत्याही अपूर्व पदार्थाची नव्हती. ती होती आपल्या नित्य परिचयाच्या ऑक्सिजनची! तेजोमेघातील तप्त ताऱ्याच्या प्रखर किरणांनी ऑक्सिजनच्या अणूतील दोन इलेक्ट्रॉन निघून जातात. असा अणू विशिष्ट स्थितीत काही काळ निवांत राहिला, तरच तो हिरवा प्रकाश सोडतो. पृथ्वीवरील हवेत अणू एकमेकांवर सारखे आदळत असल्यामुळे त्याला ही उसंत मिळत नाही. तेजोमेघातील वायू मात्र आपल्या प्रयोगशाळेतील उत्तम निर्वातापेक्षाही विरळ असतो. तेथे अणूला पुरेसा अवकाश मिळतो. जो वायू आपण क्षणोक्षणी श्वासाबरोबर घेतो, तोच मृगाच्या पोटाखाली हिरव्या प्रकाशाने चमकत आहे.

कावसजींचे निधन १९३८ साली झाले. कोडे सुटले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. उत्तर त्यांनी शोधलेले नव्हते. पण चुकीचे उत्तर बाजूला सारण्यात त्यांचा वाटा होता. शास्त्राच्या वाटचालीत वाट चुकली आहे हे सांगणाऱ्याचे महत्त्व वाट दाखविणाऱ्यापेक्षा कमी नसते.

मृगातील तेजोमेघ आणि बिंबाभ्रिका यांचा हिरवा प्रकाश एकाच रेषेचा असला, तरी त्यांचे जीवन परस्परांहून भिन्न आहे, हे आता आपणांस ठाऊक झाले आहे. मृगातील मेघ हा ताऱ्यांचा पाळणा आहे. त्याच्यात नवे तारे जन्म घेत आहेत. तो आपल्यापासून सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा किरण तेराशे वर्षांपूर्वी निघालेला असतो. बिंबाभ्रिका हा ताऱ्याचा अंतकाळ होय. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला, की फुगतो, आपली बाहेरील आवरणे हलकेच दूर लोटतो आणि त्याचा तप्त गाभा उघडा पडतो. गाभ्याच्या प्रकाशाने ती आवरणे काही सहस्र वर्षे झळकत राहतात व नंतर अवकाशात विरून जातात. आपला सूर्यही सुमारे पाच अब्ज वर्षांनी याच वाटेने जाणार आहे.

धानाच्या कापणीच्या दिवसांत, सायंकाळी अंधार पडताच पश्चिमेकडे पाहिले, तर अभिजित हा निळसर पांढरा ठळक तारा दिसतो. त्याच्याजवळ स्वरमंडल या तारकासमूहात अंगठीच्या आकाराची एक बिंबाभ्रिका आहे. ती पाहण्यास लहान दुर्बीण लागते. अभिजितच्या डावीकडे श्रवण हा दुसरा ठळक तारा आहे. त्याच्या वरच्या भागात जंबुक तारकासमूहात डमरूच्या आकाराची बिंबाभ्रिका आहे. काळोख्या रात्री चांगल्या द्विनेत्री दुर्बिणीतून तिचा पुसट ठिपका दिसू शकतो. नुसत्या डोळ्यांना मात्र मृगातील मेघच गाठावा लागतो.

ब्रह्मपुरीच्या शेतावर शेकोटी आता विझत आली आहे. मृग डोक्याच्या दिशेने चढला आहे आणि तो पुसट डाग पूर्वीसारखाच शांतपणे तेवत आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातील एका प्राध्यापकाने याच डागाकडे रात्री जागून पाहिले आणि जसे दिसले तसे सांगितले. आकाश पाहण्यासाठी दृष्टी लागते. पण पाहिलेले खरे सांगण्यासाठी मनही तितकेच स्वच्छ लागते. कावसजी नायगमवाला यांच्याजवळ ती दोन्ही होती.